कपाटातलं नेच्याचं पान

गावाचं नाव गारगोटी असं सांगितलं की पुण्यातले लोक हमखास विचारतात, "म्हणजे दगडाची?" हो बाबांनो, दगडाचीच! शिवाय गूगलवर नुसतं 'गारगोटी' टाकलं तर आमचं गाव राहतं बाजूला आणि सिन्नरचं खनिजांचं संग्रहालय समोर येतं. थोडक्यात काय, दगड काही आमची पाठ सोडत नाहीत.

आमच्या घरी कपाटात एक दगड आहे. पिवळसर, चपटा, तळहाताएवढा वाळूचा दगड. त्यावर काळं, नाजूक, नेच्याच्या पानासारखं चित्र. आबांनी फार वर्षांपूर्वी शाळेची सहल घेऊन मालवणला जाताना वाटेत एका खडीच्या ढिगातून तो उचलला. आबा शिक्षक. त्यानंतर रिटायर होईपर्यंत प्रत्येक वर्गाला हा दगड दाखवला गेला. "पोरांनो, हे कोट्यवधी वर्षांपूर्वीचं पान. जीवाश्म." मीही त्यातलाच एक पोरगा. इंजिनियरिंगच्या इंटरव्ह्यूत 'हॉबीज' विचारल्यावर मी 'जीवाश्म' असं ठोकून दिलं होतं, तेही त्या एका दगडाच्या जोरावर.

मागच्या वर्षी खरंच हा छंद लागला. आठवडाभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधायचे आणि वीकांताला कोकणात उतरून दगड बघायचे. नवशिक्या म्हणून जे कळलं ते सांगतो.

पहिली गोष्ट, आपल्याकडे जीवाश्म कमी का? कारण महाराष्ट्राचा बहुतेक भाग लाव्हाचा आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले. आजही जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे. सह्याद्रीच्या कड्यांना ज्या पायऱ्या दिसतात त्या हेच थर. उकळत्या लाव्हात पान किंवा हाड टिकणार कसं? मात्र दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तळी साचली, त्यांत गाळ बसला आणि त्या गाळात जीव अडकले. मुंबईत वरळी-मलबार हिलच्या अशाच थरांत एकोणिसाव्या शतकात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडले होते. रिचर्ड ओवेनने १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. विदर्भात पिसदुऱ्याला तर डायनासोरची हाडं सापडली. भुदरगडच्या पायथ्याशी फिरताना मात्र ही आशा ठेवू नका.

मग तिथं काय बघायचं? एक, गारगोट्या. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात आणि पोकळ्या राहतात. पुढं पाणी झिरपतं, सोबत विरघळलेली सिलिका आणतं आणि पोकळी हळूहळू भरते. भोवतालचा काळा दगड झिजून जातो, आतला कठीण गोळा उरतो. तो चाकूनं ओरखडत नाही, उलट काचेवर ओरखडा काढतो. दोन, जांभा. पाऊस आणि उष्णता लाखो वर्षं कातळाला धुत राहिली, सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं. घराच्या भिंतीतला चिरा म्हणजे तोच. तीन, 'डायनासोरची अंडी'! हे व्हॉट्सॲपवर दर पावसाळ्यात येतात. कातळ फटींतून कुजत जातो, कोपरे आधी झिजतात आणि कांद्यासारखी सालं सुटणारा गोल दगड तयार होतो. अंडं नाही हो, म्हातारा कातळ आहे तो :-)

घाट उतरून किनाऱ्यावर गेलात तर 'करळ' शोधा. शंखशिंपल्यांचे तुकडे आणि वाळू चुन्यानं सांधून झालेला दगड. ओहोटीला पाण्याच्या कडेला त्याच्या फरश्या उघड्या पडतात. लिंबू पिळून बघा, बारीक फेस येईल. तो चुन्याचा. आतले शिंपले जुने खरे, पण काही हजार वर्षांचे. भूशास्त्राच्या हिशोबात परवाचेच. जाताना भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून जा, एक १० पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, फोटोत शेजारी नाणं ठेवा आणि जागा लगेच वहीत लिहा. जागा माहीत नसलेला दगड म्हणजे कमेंट नसलेला कोड. आणि मालवणजवळ समुद्रातलं काही उचलू नका. तिथं १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

आता मूळ मुद्दा. हे सगळं वाचता वाचता एका रात्री 'डेंड्राइट' या शब्दाशी आलो आणि पोटात गोळा आला. दगडाच्या बारीक फटीत मॅंगनीजयुक्त पाणी शिरतं आणि मॅंगनीजचं ऑक्साइड झाडाच्या फांद्यांसारखं पसरत जातं. हुबेहूब नेचा. पण वनस्पतीशी संबंध शून्य.

खरं पान आणि हे यात फरक काय? पानाला मधली शीर असते, तिच्यापासून ठरावीक अंतरानं बाजूच्या निघतात. डेंड्राइट फटीच्या कडेपासून सुरू होतं आणि वाट्टेल तसं फुटत जातं. आणखी एक, आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला आणि खाली सिंधुदुर्गात वाळूचे दगड आहेत ते कलादगी नावाच्या कुळातले. जमिनीवर झाडं यायच्या कितीतरी आधीचे. म्हणजे आबांचा दगड त्यातला असेल तर त्यात नेचा असणं शक्यच नाही.

सांगायचं का? दिवाळीला गेलो, नाही सांगितलं. संक्रांतीलाही नाही. मे महिन्यात आबांनीच दगड काढला, शेजारच्या पोराला दाखवायला. मी गप्प बसलेला बघून म्हणाले, "काय रं, तोंड का पाडलंस?"

"आबा, तुम्ही रागावणार नसाल तर एक करून बघू?"

मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइडची छोटी बाटली आणली. मॅंगनीजचं ऑक्साइड त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं, तेही झपाट्यानं. शाळेत ऑक्सिजन तयार करायचा प्रयोग आबांनीच शिकवला होता. कोपऱ्यातल्या एका फांदीवर थेंब सोडला. फसफस. शेजारच्या पिवळ्या दगडावर सोडला. काही नाही.

आबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "अजून एक टाक." टाकला. परत फसफस. शेजारचा पोरगा खूश. आबा मात्र बराच वेळ बोलले नाहीत. मग हळू म्हणाले, "म्हंजे इतकी वर्षं पोरांना खोटं सांगितलं म्हणायचं."

मी म्हटलं, चुकीचं सांगितलंत, खोटं नाही. पण ते ऐकायला ते उठून गेले होते. दोन दिवस दगड टेबलावरच पडून. आईनं मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, "काय गरज होती?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. रविवारी रात्रीची गाडी पकडून पुण्याला आलो. ऑफिसात दुसऱ्याच्या चुका काढायचे पैसे मिळतात, घरी त्याची किंमत द्यावी लागते, हे त्या प्रवासात चांगलंच कळलं.

पुढच्या गुरुवारी, भर मीटिंगमध्ये, आबांचा फोन. बाहेर येऊन उचलला.

"त्या बाटलीवरचं नाव काय होतं रं? मेडिकलवाल्याला कळंना."

"कशाला आबा?"

"शाळेत बोलावलंय शनिवारी. दगड घेऊन जातो म्हटलं. आधी पान म्हणून दाखवीन, मग थेंब टाकीन."

मी नाव सांगितलं. हातमोजे घाला, पोरांच्या डोळ्यांत उडू देऊ नका, हेही सांगितलं.

"मला शिकवतोस व्हय?" म्हणाले आणि फोन ठेवला.