काचेतला समुद्र

मुलांनो, पावसाळ्यात अंगणातल्या फरशीवरून तुम्ही कधीतरी घसरला असालच. तिच्यावर जो हिरवा थर चढतो, त्याला उर्दूत काई म्हणतात आणि मराठीत शेवाळ. आमच्या घरी हे शेवाळ बैठकीच्या खोलीतही उगवते. तिथे माशांची टाकी आहे, दोनशे लिटरची आणि खाऱ्या पाण्याची. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाउन मासे, चार समुद्री गोगलगाई आणि एक छोटी कोळंबी, एवढाच तिचा संसार.

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्रकाठी. म्हणून शेजारी विचारतात, "बाई, समुद्र दाराशी असताना मीठ विकत कशाला आणता?" पण किनाऱ्याजवळच्या पाण्यात गावातले सांडपाणी मिसळते आणि पावसाळ्यात त्याचा खारेपणाही कमी होतो. म्हणून मत्स्यालयासाठी मिळणारे खास मीठ मी पाण्यात विरघळवते. एका लिटरला सुमारे 35 ग्रॅम, म्हणजे साऱ्या टाकीला 7 किलो! स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम असे इतरही क्षार असतात.

टाकी नवी असताना काचेवर तपकिरी थर आला आणि आपोआप गेला. मग मात्र दगडांवर हिरवे, केसांसारखे शेवाळ वाढू लागले. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, पण रात्री तेही प्राणवायू घेते. ते फार माजले, की पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. आमचेही तसेच करू लागले, तेव्हा मला काळजी वाटली.

दुकानदाराने औषधाची बाटली पुढे केली. "दोन झाकणे टाका, तीन दिवसांत साफ!" मी बाटलीवरचा कागद वाचला. औषधात तांबे होते. तांब्याने शेवाळाबरोबर कोळंबी आणि गोगलगाईही मरतात. शिवाय मेलेले शेवाळ पाण्यातच कुजते आणि त्याच्यावर नवे शेवाळ पोसते. बाटली मी तिथेच ठेवली.

आता तुम्हीच सांगा, शेवाळ खाते तरी काय? माशांची विष्ठा आणि उरलेले अन्न कुजून अमोनिया तयार होतो. दगडांवरचे सूक्ष्म जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. शेतात युरिया टाकला की पीक तरारते ना? तसेच हे नायट्रेट शेवाळाचे खत. फॉस्फेट हे दुसरे खत, ते माशांच्या खाद्यातूनच येते.

आमच्या टाकीत खाद्य जास्त पडत होते. कोण टाकत होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मी, येता-जाता चिमूटभर टाकत. "मुके जीव आहेत, बेटी. मागणार कसे?" म्हणत. टाकीतले शेवाळ उपटणे सोपे, पण अम्मींच्या मायेला आवर कसा घालायचा? मी एक स्टीलची डबी आणली. तिच्यात दिवसाचे खाद्य सकाळीच मोजून ठेवले आणि डबी अम्मींच्या हाती दिली. मासे खिलवण्याचे काम आता फक्त त्यांचे. पहिले दोन दिवस मासे काचेशी आले, की त्या माझ्याकडे अशा पाहत, की मला जेवण जाईना! पण काचेशी येणे ही माशांची सवयच असते, पोट भरलेले असले तरीही. आठवड्याभरात अम्मी दाणे मोजून टाकू लागल्या. नातवाने चोरून टाकले, तर त्यालाच दटावू लागल्या.

बाकीची कामे माझी. दिवा 12 तासांऐवजी 8 तास लावते. दर रविवारी 20 लिटर जुने पाणी काढून तेवढेच नवे खारे पाणी घालते. मधल्या दिवसांत वाफ होऊन पाणी घटते, तेव्हा मात्र गाळलेले गोडे पाणीच घालायचे. वाफेबरोबर मीठ जात नाही ना! उपटलेले शेवाळ मूठभर-मूठभर बाहेर काढते, म्हणजे त्याने खाल्लेले खतही टाकीबाहेर जाते. दोन महिन्यांनी दगडांचा मूळ रंग दिसू लागला.

मागच्या काचेवरचे शेवाळ मात्र मी मुद्दाम ठेवले आहे. रात्री दिवा मालवला, की चारही गोगलगाई तिथे चरायला जमतात.