दोन विद्यानगरे, एक अर्ज

गेल्या उन्हाळ्यात लंडनमध्ये स्थायिक झालेल्या माझ्या धाकट्या बहिणीकडे काही दिवस राहण्याचा योग आला. तिच्या मुलाचे शालेय शिक्षण संपत आले होते आणि घरात एकच प्रश्न घोळत होता: ऑक्सफर्ड की केंब्रिज? तेथील नियम असा, की पहिल्या पदवीसाठी एका वर्षी या दोहोंपैकी एकाच विद्यापीठाकडे अर्ज करता येतो, आणि तोही १५ ऑक्टोबरपूर्वी. तेथे नकार मिळाला, तर दुसरे दारही त्या वर्षापुरते बंदच.

बहिणीचा कौल केंब्रिजला होता. त्याचे मूळ बेळगावच्या आमच्या घरात होते. आमचे वडील शिक्षक. कोकणातील मुर्डी गावचे र. पु. परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणितपरीक्षेत सीनियर रँग्लर झाले, ही कथा त्यांनी आम्हां भावंडांना किती वेळा सांगितली असेल! "बाबांच्या नातवाने तेथेच शिकावे," असे ती म्हणे.

माझा ओढा मात्र ऑक्सफर्डकडे. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ साली तेथील सॉमरव्हिल महाविद्यालयात दाखल झाल्या. १८९२ साली त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. परंतु स्त्रियांना पदवी देण्याची तेव्हा प्रथा नसल्यामुळे ती हाती पडण्यास १९२२ साल उजाडले. त्या चिकाटीचे मला फार अप्रूप.

आम्ही तिघे प्रथम ऑक्सफर्डला गेलो. पॅडिंग्टन स्थानकावरून आगगाडीने तासाभराचा प्रवास. मधाच्या रंगाच्या दगडी इमारती, रॅडक्लिफ कॅमेऱ्याचा घुमट, गल्लीगल्लीतून सायकलींची लगबग. भाच्याने मात्र घुमटाकडे ओझरतेच पाहिले आणि भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम विचारून घेतला. तेथे पहिल्या दिवसापासून भौतिकशास्त्र आणि त्याला लागणारे गणित. चित्त अन्यत्र जायला वाव नाही.

दोन दिवसांनी किंग्ज क्रॉसवरून केंब्रिज गाठले. १२०९ साली नगरवासीयांशी तंटा होऊन ऑक्सफर्ड सोडलेल्या काही विद्वानांनी येथे बिऱ्हाड थाटले आणि हे विद्यापीठ उभे राहिले. म्हणजे ही दोन्ही घराणी मुळात एकच! कॅम नदीकाठची हिरवळ, किंग्ज महाविद्यालयाचे उत्तुंग प्रार्थनामंदिर हे सारे पाहून आम्ही परांजप्यांच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात गेलो. चौकात बहीण बराच वेळ न बोलता उभी राहिली. तिला कोण आठवत होते, हे मला विचारावे लागले नाही.

अध्यापनाची रीत दोन्हीकडे सारखीच. दोघातिघा विद्यार्थ्यांनी गुरूंसमोर बसायचे, आपण लिहिलेले दाखवायचे आणि प्रश्नांना तोंड द्यायचे. ऑक्सफर्ड त्याला ट्युटोरियल म्हणते, केंब्रिज सुपरव्हिजन. भेद निघाला तो अभ्यासक्रमात. केंब्रिजला 'नैसर्गिक विज्ञाने' या पदवीच्या पहिल्या वर्षी तीन विज्ञानविषय आणि जोडीला गणित घ्यावे लागते. एका विषयाची निवड पुढे होते.

परतीच्या गाडीत भाचा म्हणाला, "मामा, मी केंब्रिजला अर्ज करतो."

बहिणीचे डोळे भरून आले. "बाबांना किती आनंद झाला असता!"

मुलगा क्षणभर अडखळला; मग हळूच म्हणाला, "आई, आजोबांसाठी नाही गं. मला रसायनशास्त्र अजून सोडवत नाही."

डब्यात काही काळ कोणीच बोलले नाही. सॉमरव्हिलची जी कथा मी त्याला दोनदा ऐकवली होती, ती तिसऱ्यांदा सांगण्याचा धीर मला झाला नाही. त्याच्या मनात काय आहे, हे या सर्व दिवसांत आम्हां दोघांपैकी एकानेही त्याला विचारले नव्हते. बहिणीने डोळे पुसले, पिशवीतला डबा उघडून त्याच्यापुढे धरला आणि विचारले, "रसायनात तुला एवढे काय आवडते रे?"

लंडन येईपर्यंत तो सांगत होता आणि आम्ही दोघे ऐकत होतो.