एकाच पायाची सूज

रोबोटने प्रोस्टेटच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया करायला लागलो तेव्हा माझं सगळं लक्ष कन्सोलवर असायचं. चित्र दहापट मोठं, अवजारं हातातली थरथर गाळून टाकणारी, रक्त गेलं तर जेमतेम कपभर. दुसऱ्या दिवशी पेशंट व्हरांड्यात चालू लागला की मनात केस मिटवून टाकायचो. ब्रिस्बेनमधली २०१६ सालची चाचणी वाचलेली होती: रोबोट आणि उघडी शस्त्रक्रिया, १२ आठवड्यांनी लघवीवरच्या ताब्यात लक्षणीय फरक नाही. पण पेशंटशी बोलताना ती सोयीस्करपणे आठवायची नाही.

एका काकांना घरी सोडल्यावर पंधरवड्याने काकूंचा फोन आला. दोन शस्त्रक्रियांच्या मधे उभा होतो. "डाव्या पायाला सूज आहे." मी म्हणालो, "येते थोडी. पाय उशीवर ठेवा." 'डाव्या' हा शब्द कानावरून गेला. दोन दिवसांनी काका आले तेव्हा मोज्याच्या इलॅस्टिकने नडगीवर खोल वळ उमटला होता, पोटरी ताठ. सोनोग्राफीत मूत्राशयाशेजारी लिम्फची मोठी पिशवी, तिने दाबलेली शीर आणि शिरेत गुठळी. ती फुप्फुसात गेली नाही, हे नशीब. नळी घालून लिम्फ काढलं. रक्त पातळ करणारी औषधं पुढे काही महिने चालली.

शस्त्रक्रियेचं रेकॉर्डिंग काढून बघितलं. शिरेलगतचे लिम्फ नोड मी झपाट्याने काढले होते. लिम्फच्या बारीक नळ्यांवर क्लिप न लावता त्या नुसत्या करंटने जाळल्या होत्या. लिम्फ रक्तासारखं चटकन गोठत नाही, जाळलेलं तोंड पाझरत राहतं. त्याहून बोचलं ते वेगळंच. काकांच्या आजारात नोडमध्ये कॅन्सर असण्याची शक्यता कमी होती. ते काढायची गरज होती का, हा हिशेब मी मांडलाच नव्हता. हात बसला होता म्हणून काढले.

आता आधी हिशेब, मग नोड. काढायचेच असतील तर क्लिप लावतो आणि पोटाच्या आतल्या आवरणाचा पदर दुमडून मूत्राशयाला टाचतो, म्हणजे लिम्फ साचण्याऐवजी पोटात उतरून शोषलं जातं. अभ्यासांचे निकाल एकमुखी नाहीत. तरी दोन टाक्यांचा वेळ मला परवडतो. लघवी रोखण्याचे व्यायामही पूर्वी कॅथेटर काढल्यावर शिकवायचो, तेव्हा पेशंट गळतीने रडकुंडीला आलेला असायचा. आता शस्त्रक्रियेआधी शिकवतो.

गुठळीचा धोका जास्त असेल त्यांना घरी चार आठवडे पोटावर इंजेक्शन घ्यायला सांगतो. निळे डाग पडतात म्हणून काहीजण मधेच सोडतात. कोणी सोडलं ते काढून घ्यायला फोन सिस्टर करते. मी केला तर सगळे म्हणतात, "एकदम ठीक आहे, डॉक्टरसाहेब."