चार मिलिअँपिअरचे शून्य

सरकारी कागदावर त्याला ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणतात. उमेदवार हा शब्द फारसीतून आला. जो उमेद धरून आहे, तो उमेदवार. 1961 च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाला ज्यांनी हे मराठी नाव दिले त्यांच्या मनात ही व्युत्पत्ती असेलच असे नाही, पण शब्द नेमका पडला. त्या कायद्याने कारखानदारावर शिकवण्याचे बंधन घातले, विद्यावेतन देण्याचे घातले. करारात तशी अट नसेल तर शिकून झाल्यावर नोकरी देण्याचे मात्र घातले नाही. 2014 च्या दुरुस्तीनंतर अशा उमेदवारांना घेण्याविषयी प्रत्येक कारखान्याने आपापले धोरण ठरवावे, एवढे त्यात आले. उमेद होती तिथेच राहिली.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून निरनिराळ्या व्यवसायांना देखणी मराठी नावे मिळाली आहेत: जोडारी, कातारी, संधाता, तारतंत्री, वीजतंत्री. कारखान्याच्या नाडीवर बोट ठेवून बसणाऱ्या माणसाला मात्र लोकांच्या तोंडी बसेल असे नाव लाभले नाही. तो इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकच राहिला. आणि वीज व मापके ही दोन्ही कामे एकाच मुलाच्या गळ्यात पडली की सगळे त्याला ‘इलेक्ट्रिकलवाला’ म्हणून हाक मारतात. मग तो त्या घटकेला वाफेचा दाब तपासत का असेना.

हा मुलगा सुधागड तालुक्यातल्या एका गावाचा. घरची भातशेती थोडी, पाऊस भरपूर. दोन वर्षे प्रशिक्षण संस्थेत काढून तो पाताळगंगेच्या काठच्या एका रासायनिक कारखान्यात वर्षभरासाठी आला आणि मोहोपाड्याला तिघांबरोबर एका खोलीत राहू लागला. या खोऱ्याचे विजेशी नाते जुने आहे. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस तळ्यांत साठवून, नळांतून खाली सोडून खोपोलीच्या वीजघराने 1915 साली मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज करायला सुरुवात केली. वीज करून मोकळे झालेले ते पाणी पाताळगंगेत येते आणि त्याच पाण्यावर खालचे कारखाने तगतात. मुलाच्या गावात दिवे जाणे ही पावसाळ्यातली नित्याची गोष्ट होती. इथे मात्र एक क्षणभर दिवे मिचकावले तरी दहा माणसे धावत सुटतात, हे त्याने पहिल्याच आठवड्यात पाहिले.

पहिला महिना त्याला कशालाही हात लावू दिला नाही. ज्या जुन्या तंत्रज्ञाच्या हाताखाली त्याला दिले होते त्यांना सारा कारखाना ‘मामा’ म्हणे. मामांचे पहिले शिक्षण म्हणजे, “हात पाठीमागे बांध आणि बघ.” मुलाला हा अपमान वाटला. दोन वर्षे शिकून आलेल्याला नुसते बघायला सांगणे म्हणजे पोहता येणाऱ्याला काठावर बसवणे. पण बघण्यासारखे पुष्कळ होते. पंपाची मोटार उघडायची तर आधी परवान्याचा कागद. मग तिचा स्विच बंद करून त्याला कुलूप. जितकी माणसे त्या मोटारीवर काम करणार तितकी कुलपे, ज्याचे त्याचे वेगळे, आणि किल्ली ज्याची त्याच्या खिशात. शेवटचा माणूस आपले कुलूप काढीपर्यंत ती मोटार कोणाच्या बापाला सुरू करता येत नाही. साहेब आले म्हणून कुलूप उघडत नाही, जेवणाची घंटा झाली म्हणूनही नाही.

आणि इतके करून झाल्यावरही मामा तारेला हात लावीत नसत. तार मेली आहे की नाही हे पाहण्याची त्यांची एक रीत होती, आणि ती त्यांची एकट्याची नव्हे. जगभरचे शहाणे वीजकामगार ती पाळतात. मापक आधी जिथे वीज आहे हे ठाऊक आहे अशा ठिकाणी लावायचे. ते वीज दाखवते ना, हे पाहायचे. मग बंद केलेल्या तारेवर लावायचे. मग पुन्हा पहिल्या, जिवंत ठिकाणी. मुलाला हे तिसरे पाऊल समजेना.

“मामा, एकदा पाहिलं ना तुम्ही? मग परत कशाला?”

“मधल्या वेळात हेच मेलं असेल तर?” मामांनी हातातल्या मापकाकडे बोट केले.

वीज नाही म्हणून काटा हलला नाही, की काट्यातच जीव नाही म्हणून हलला नाही? दोन्ही वेळा दिसणारे दृश्य एकच. या व्यवसायातले निम्मे शहाणपण या एका प्रश्नाभोवती फिरते, आणि दुर्दैवाने पाठ्यपुस्तकात त्याला स्वतंत्र प्रकरण नसते.

संस्थेतल्या परीक्षेत या मुलाने एक उत्तर अनेकदा लिहिले होते: ट्रान्समीटरचा संकेत चार ते वीस मिलिअँपिअर. टाकीतला दाब, उष्णता, पातळी, काहीही असो, त्याचे रूपांतर एका बारीक विद्युतप्रवाहात करून तो दोन तारांवरून नियंत्रणकक्षात पाठवायचा. कमीत कमी दाबाला चार, जास्तीत जास्त दाबाला वीस. शून्याला चार का, शून्यच का नाही, हे त्याला कोणी विचारले नव्हते आणि त्यानेही कोणाला विचारले नव्हते. मामांनी ते पत्रांच्या भाषेत सांगितले.

“घरून पत्र यायचं: इकडील सर्व क्षेम, तिकडील कळवावे. बस, एवढंच. नवीन काही नाही. पण पत्र आलं ना? आणि एखाद्या महिन्यात पत्रच आलं नाही, तर? तेही ‘नवीन काही नाही’ म्हणून सोडून देशील?”

कधी कोणाचे पत्र न आलेल्या मुलाला हा दाखला क्षणभर परका वाटला असणार. पण आईचा फोन बंद लागतो तेव्हा पोटात जे होते ते त्याला ठाऊक होते. चार म्हणजे सर्व क्षेम असल्याचे पत्र. शून्य म्हणजे तार तुटली, पुरवठा गेला, ट्रान्समीटर मेला. ज्यांनी ही पद्धत बसवली त्यांनी रिकामेपण आणि मरण यांत सोळा आण्यांचा फरक ठेवला. हे शहाणपण विजेपेक्षाही जुने आहे. त्यापूर्वी हेच संकेत हवेच्या दाबाने तांब्याच्या बारीक नळ्यांतून जात, तेव्हाही मोजपट्टी तीन पौंडांपासून पंधरा पौंडांपर्यंत असे. तीन म्हणजे शून्य.

मापक खोटे बोलते म्हणजे काय होते, याची दोन उदाहरणे या व्यवसायातल्या प्रत्येकाने मनात बाळगावीत अशी आहेत. 28 मार्च 1979 रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात थ्री माइल आयलंड येथील अणुवीजकेंद्रात दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडला आणि मग मिटलाच नाही. नियंत्रणकक्षातला त्याचा दिवा मात्र विझला. माणसांनी व्हॉल्व्ह बंद झाला असे मानले. वस्तुतः तो दिवा व्हॉल्व्हच्या स्थितीला जोडलेलाच नव्हता. बंद होण्याचा जो विजेचा हुकूम सुटतो त्याला जोडलेला होता. हुकूम गेला, दिवा विझला, व्हॉल्व्ह उघडाच. दोन तासांहून अधिक काळ शीतक बाहेर वाहत राहिले आणि अणुभट्टीचा गाभा वितळू लागला. हुकूम दिला म्हणजे काम झाले, ही समजूत आपल्याकडच्या कचेऱ्यांत तर घरोघरच्या मातीच्या चुलींसारखी आहे. पण तिथे निदान गाभा वितळत नाही.

दुसरे उदाहरण भोपाळचे, आणि ते उलट्या टोकाचे. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री मिथिल आयसोसायनेटच्या टाकीचा दाब दोन पौंडांवरून अकराच्या सुमारास दहा पौंडांवर गेलेला दिसला. पण त्या कारखान्यातली मापके वारंवार बिघडत असत, म्हणून त्या आकड्याने कोणी दचकले नाही. पेनसिल्व्हेनियात खोट्या दिव्यावर विश्वास ठेवला गेला. भोपाळमध्ये खऱ्या काट्यावर अविश्वास. दुसऱ्या चुकीची किंमत हजारो माणसांनी झोपेत मोजली. मापकावर विश्वास ठेवण्याची सवय जाणे हा काही एका रात्रीचा बिघाड नसतो. तो महिनोन्‌महिने, एकेका न दुरुस्त केलेल्या गेजने, एकेका ‘चालतंय, राहू दे’ ने तयार होतो. देखभाल खात्यातला सर्वांत धाकटा माणूस जे करतो किंवा करीत नाही, त्यातून.

पावसाळा आला तशी मुलाला कामे मिळू लागली. कोकणातल्या विजेच्या कामाचा खरा शत्रू पाणी. ते वरून येत नाही, केबल जिथे पेटीत शिरते तिथल्या सैल ग्लँडमधून आत झिरपते. पेटी उघडावी तर कधी तळाशी ओंजळभर पाणी, कधी मुंग्यांचे घर, कधी दोन तारांना एकदम शिवून मेलेली पाल. मोटारीच्या आवरणाचा रोध मेगरने मोजावा तर जून महिन्यात तो असा उतरतो की कोरड्या दिवसांतल्या आकड्यांवर विश्वास बसू नये. न वापरलेली भोके बुजवणे, ग्लँड आवळणे, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवणे: ही कामे कोणाच्या नजरेत भरत नाहीत. त्याहून कमी नजरेत भरते ती तारांची मांडणी. प्रत्येक तारेच्या टोकाला फेरूल, म्हणजे आकडा छापलेली बारीक नळी, चढवायची असते. सहा आणि नऊ उलटे झाले की एकमेकांचे सोंग घेतात, म्हणून त्यांच्या खाली रेघ पाहून घ्यायची. तारा समांतर न्यायच्या, वळण एकसारखे द्यायचे, आणि पुन्हा कधी कापावी लागली तर पुरेल इतकी लांबी पदरी ठेवायची. मग पेटीचे दार लावायचे, जे पुढची पाच वर्षे कदाचित कोणी उघडणार नाही. मुलाची आई गोधडीची मागची बाजूही पुढच्यासारखीच शिवते. त्यामुळे हे त्याला फारसे शिकवावे लागले नाही. खंडेनवमीला मेगर, पाने, पक्कड, सगळे धुऊनपुसून मांडले तेव्हा हळदकुंकू लावण्याचा मान मामांनी त्याला दिला. यंत्रे चालूच होती. अखंड चालणाऱ्या कारखान्यात पूजेपुरतीही ती थांबत नाहीत.

दिवाळीनंतर एका ग्राहकाची तपासणी यायची होती आणि मापकांच्या अंशशोधनाचे कागद पुरे करायचे होते. या कागदावर दोन रकाने असतात, ‘ॲज फाउंड’ आणि ‘ॲज लेफ्ट’: सापडले तसे आणि सोडले तसे. रिॲक्टरवरचा एक दाबाचा ट्रान्समीटर, शून्य ते दहा किलोचा, मुलाने खाली उतरवून तपासला. शून्याला बरोबर 4.00. पाच किलोला 12.00 यायला हवे तिथे 11.60. दहाला 20.00 च्या जागी 19.20. म्हणजे रिकाम्या टाकीत तो खरे बोलत होता आणि भार वाढेल तसा मागे पडत होता. दहा किलोला साडेनऊच सांगत होता. आठ किलोला वाजायची घंटा आठ पूर्णांक चार दशांशापर्यंत गप्प बसली असती. मुलाने तो दुरुस्त केला. आकडे जागेवर आले.

वरिष्ठांनी कागद पाहिला. “आता बरोबर झालाय ना? मग दोन्ही रकान्यांत तेच आकडे भर.”

ते काही दुष्ट गृहस्थ नव्हते. पहिल्या रकान्यात 19.20 लिहिले की मागच्या अंशशोधनापासूनच्या सहा महिन्यांतली प्रत्येक बॅच उघडून बघावी लागणार, ग्राहक प्रश्न विचारणार, आणि ट्रान्समीटर तर आज नीट चालतो आहे. असे रकाने देशभर किती कागदांवर एकसारख्या गोंडस आकड्यांनी भरले जात असतील, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. ठेवला तर तोही तसाच भरला जाईल.

मुलाचे साडेतीन महिने उरले होते. मामांची नोकरी दोन वर्षे. कागदावर मोजणाऱ्याची सही आणि खाली तपासणाऱ्याची. मुलाने मामांकडे पाहिले.

“मोजलंस तू, बाळा. मी उभा होतो शेजारी. खाली सही मी करीन. आकडा मात्र तू लिही.”

त्याने 4.00, 11.60, 19.20 असे लिहिले, शाईच्या पेनने. मामांनी सही केली. कागद वर गेला. बॅचच्या नोंदी काढल्या गेल्या. मालात दोष निघाला नाही, आणि टाकीवरचा सुरक्षा व्हॉल्व्ह वेगळा असल्यामुळे तसा धोकाही टळलेलाच होता. एवढेच झाले की त्या ट्रान्समीटरची तपासणी सहा महिन्यांऐवजी तीन महिन्यांनी करावी असे ठरले. वरिष्ठ बरेच दिवस मुलाशी कामापुरतेच बोलले.

वर्ष संपल्यावर त्या तुकडीतल्या तिघांना ठेवून घेतले. हा त्यांत नव्हता. त्या कागदाचा आणि या निवडीचा काही संबंध होता का, हे त्याला कोणी सांगितले नाही, आणि विचारण्याची जागाही नव्हती. त्याने परीक्षा दिली, राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारीचे प्रमाणपत्र घेतले, आणि सध्या तो एका कंत्राटदाराबरोबर कधी दहेजला तर कधी वापीला, कारखान्यांच्या वार्षिक दुरुस्तीच्या हंगामात जातो. फाटकावरच्या पासावर त्याच्या नावाखाली ‘हेल्पर’ असे छापलेले असते. दिवसा तो शिडी धरतो, केबल ओढतो. संध्याकाळी अंशशोधनाचे कागद भरायची वेळ आली की मात्र कंत्राटदाराचा सुपरवायझर त्याला हाक मारून टेबलाशी बसवतो, आणि पहिला रकाना भरताना त्याच्या खांद्यावरून बघत उभा राहतो.