पाठटाचण

पिंपरी-चिंचवडच्या माणसाला नियोजनाचं कौतुक सांगू नये. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, तिच्या मागून बाकीचे कारखाने आले, आणि तेव्हापासून हे गाव पाळ्यांवर जगतं आहे. आमच्या सोसायटीत पाणी कधी सोडायचं, तेसुद्धा कोण पहिल्या पाळीला आणि कोण तिसऱ्या, यावर ठरतं. अशा गावात राहून आमच्या सौ.ला एका कागदाने तीन रात्री जागवलं, म्हणजे कागद साधा नसणार हे उघड आहे.

सौ. नर्स. सोळा वर्षं वॉर्डात काढली. कुणाला न सापडणारी शीर तिला बोट लावताच सापडते. यंदा ती नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागली. आम्ही पेढे वाटले. पेढे संपले आणि पहिला पाठ आला : हात धुणे, प्रथम वर्ष, चाळीस मिनिटं.

"हात धुवायला चाळीस मिनिटं?" आमच्या मातोश्री म्हणाल्या. "आमच्या वेळी एका तांब्यात भागायचं हो!"

पाठाआधी टाचण काढावं लागतं. वेळ, उद्दिष्ट, आशय, शिक्षिकेची कृती, विद्यार्थिनींची कृती, साधनं आणि मूल्यमापन, असे सात रकाने. बी.कॉम. झालेला माणूस रकाने पाहिले की सुखावतो. मी पट्टी घेऊन अशा रेघा मारून दिल्या, की कुठल्याही ऑडिटरने पाठ थोपटावी. पण रेघांच्या मधे काय लिहायचं, हा प्रश्न उरलाच.

गाडी अडली उद्दिष्टांपाशी. सौ.ने लिहिलं, 'विद्यार्थिनींना हात धुण्याचं महत्त्व समजेल.' वरिष्ठ बाईंनी 'समजेल'वर लाल रेघ ओढली. समजलेलं डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा 'कारणे सांगतील', 'टप्पे करून दाखवतील' असं लिहा. हा ब्लूम नावाच्या अमेरिकन गृहस्थाचा प्रताप. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण, मूल्यमापन अशा सहा पायऱ्या बांधल्या. आमच्या बँकेत मधल्या चार पायऱ्या गाळून थेट मूल्यमापन होतं, तेही गोपनीय.

दुसऱ्या रात्री साडेअकराला ती म्हणाली, "अहो, मला जे येतं ते सगळं हातात आहे. कागदावर उतरतच नाही. मुली हसतील मला." अपघाताच्या केसेस पाहून कधी न हललेला तो आवाज त्या वेळी हलला. मी चहा टाकला. नवऱ्याच्या हातात असतं ते एवढंच.

तिसऱ्या रात्री 'आशया'साठी वाचताना तिला सेमेलवाइस भेटला. व्हिएन्नाच्या रुग्णालयातला हा डॉक्टर. तिथल्या एका प्रसूती विभागात बाळंतिणी तापाने जात होत्या. डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीला हात लावतात, हे त्याने हेरलं आणि १८४७ साली क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावलं. एप्रिलमध्ये शंभरांतल्या अठरा जणी दगावत होत्या, जूनमध्ये दोन. तरी बऱ्याच बड्या डॉक्टरांना ते पटलं नाही. त्याचं पुस्तक निघायला १८६१ उजाडलं, आणि १८६५ साली बिचारा वेड्यांच्या इस्पितळात गेला.

सौ. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्याला येत होतं हो सगळं. दुसऱ्यांच्या गळी उतरवता आलं नाही." आणि तिने पेन उचललं.

दुसऱ्या दिवशी समोरच्या ब्लॉकमधले चाकणवाले काका 'साधन' म्हणून पकडून आणले. तेलात कालवलेला गुलाल त्यांच्या तळव्यावर घातला आणि डोळे मिटून हात धुतल्यासारखे चोळायला सांगितले. कंपनीत सुपरवायझर असलेल्या काकांनी ते काम मन लावून केलं. डोळे उघडले, तर तळवे लालभडक आणि अंगठे नि बोटांची टोकं कोरडी ठणठणीत. बहुतेकांचं नेमकं तेवढंच राहतं म्हणे. काका खजील होऊन म्हणाले, "वहिनी, आमच्याकडे हे रिजेक्शनमध्ये गेलं असतं."

पाठ झाला. सेमेलवाइस झाला, गुलाल झाला. पंचविसाव्या मिनिटाला मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "मॅडम, साबणाने चाळीस ते साठ सेकंद. रात्री तीस पेशंट आणि आम्ही दोघीच असलो, तर एवढा वेळ आणायचा कुठून?"

याला टाचणात रकाना नव्हता. सौ.ने कागद मिटला. म्हणाली, "हात मळलेले दिसत असतील तर साबण-पाणीच. एरवी स्पिरिटचं हँडरब घ्यायचं, वीस ते तीस सेकंद, या खाटेवरून त्या खाटेकडे जाता जाता. पण तेवढे सेकंद लागतातच गं. ते आपले नसतात, पुढच्या पेशंटचे असतात. त्यातून उचलायचे नाहीत."

वर्गात कुणी हसलं नाही. घरी आल्यावर तिने टाचणात एक ओळ वाढवली : 'विद्यार्थिनी अडचणीचे प्रश्न विचारतील.' वरिष्ठ बाईंनी त्यावर लाल रेघ मारली नाही.

मूल्यमापनाचा रकाना मात्र अजून आमच्याच घरात भरला जातो. ताट वाढण्यापूर्वी अंगठे दाखवावे लागतात. बँकेत अंगठा दिला की माणूस निरक्षर ठरतो. आमच्याकडे अंगठा दाखवून साक्षर ठरल्याशिवाय वरण मिळत नाही.