रजेचा अर्ज

चि. ताईस,

तुझे पत्र पावले. त्यात तक्रारीचा एकही शब्द नाही. परंतु हल्ली बाळंतिणीच्या घरी गेले तरी तिच्या तोंडाकडे पाहायचे राहून जाते आणि रकाने तेवढे भरून आपण परततो, असे जे तू ओघात लिहून गेलीस, ते वाचून आरोग्य खात्यात हयात घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाला स्वस्थ बसवेना.

1974 साली हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या मंडळींच्या ठायी हीच अवस्था पाहिली आणि तिला ‘बर्नआउट’ म्हटले. जीव ओतून काम करणारेच तिला आधी बळी पडतात, असे त्याचे निरीक्षण होते. पुढे क्रिस्टिना मास्लाक या विदुषीने तिची तीन अंगे सांगितली: शक्ती आटणे, समोरच्या माणसाविषयी कोरडेपणा येणे, आणि आपल्या हातून काहीच घडत नाही असे वाटू लागणे. तुझ्या त्या वाक्यात दुसरे अंग उघड दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली या अवस्थेची नोंद करताना तिला रोग न म्हणता, कामाच्या ठिकाणी साचत गेलेल्या व न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हटले, हे मला फार मोलाचे वाटते. कारण त्यामुळे दोष तुझ्या स्वभावावरून उठून कामाच्या रचनेवर जातो.

आणि ती रचना तरी कशी? डोंगराळ आदिवासी मुलखात 3000 लोकवस्तीमागे तुझ्यासारख्या सेविकेचे एक उपकेंद्र हा सरकारी दंडक. त्या वस्तीतील गरोदर स्त्रिया, लसीची मुले, क्षयाचे व हिवतापाचे रोगी यांची नोंद आधी वहीत करावयाची, मग तीच पोर्टलवर चढवावयाची, आणि आढावा बैठकीत मात्र उद्दिष्टाला कमी पडलेला आकडाच तेवढा वाचला जावयाचा. तुझ्याबरोबर पाडे तुडविणाऱ्या आशाताईंचा जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली जिनिव्हात गौरव केला, तरी मोबदल्यासाठी त्यांना आझाद मैदानात बसावे लागलेच.

अशा वेळी आमच्या सभांतून सावित्रीबाई फुले यांचे नाव हटकून निघते. 1897 च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करता करता त्यांनी देह ठेवला, त्यापुढे मस्तक नम्र होते. परंतु साथीतील आत्मार्पणाचा दाखला देऊन बारमाही हजेरीचा हिशेब मागणे हे मला त्या माउलीचे स्मरण वाटत नाही, कारकुनी चातुर्य वाटते.

लसीच्या कुपीवरील तो लहानसा चौकोन तू नित्य पाहतेस. उष्णता लागेल तसा तो काळवंडत जातो, आणि कुपी पुन्हा बर्फात ठेवली म्हणून तो उजळत नाही. एकदा बाहेरच्या वर्तुळाच्या रंगाला आला की कुपी बाद. ताणही असाच कणाकणाने साचतो. माणसाला मात्र उजळण्याची सोय आहे, ती वेळेवर केली तर. म्हणून रात्रीच्या बाळंतपणानंतर सकाळच्या सत्राला तशीच उभी राहू नकोस. शेजारच्या उपकेंद्राच्या सेविकेशी पाळी बदलून घे, तिची पाळी तू उचल. निजण्याच्या वेळी गटावर येणारे तगाद्याचे संदेश सकाळी वाचले तरी कोणाचे प्राण जात नाहीत. अडलेल्या बाईचे माणूस फोनच करते. मातामृत्यूची चौकशी लागते तेव्हा जिच्या हाताची नाडी आपण महिनोन्‌महिने पाहिली, तिच्या मरणाचे रकाने आपणच भरायचे असतात. ते काम एकटीने उरकू नकोस, त्या गावच्या आशाताईला जवळ बसवून घे आणि कागद मिटल्यावर दोघी थोडा वेळ त्या बाईविषयीच बोला. झोप उडाली, अन्नावरची वासना गेली आणि असे पंधरवडाभर चालले, तर मात्र हे घरगुती उपाय बाजूला ठेवून जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग गाठ. तोवर ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते.

तुझी अर्जित रजा शिल्लक आहे, असे तूच मागे कळविले होतेस. वैद्यकीय अधिकाऱ्यांना तोंडी न सांगता लेखी अर्ज दे, पोच घे, आणि कारणाच्या जागी ‘घरगुती अडचण’ असे खोटे न लिहिता ‘विश्रांती’ असेच लिही. अर्ज नामंजूर झाला तर शेऱ्याची नक्कल मला पाठव; पुढचा मसुदा मी करून देईन.

तुझा,
काका