सगळे हो म्हणेपर्यंत

मेंढा (लेखा). गडचिरोली जिल्हा, धानोरा तालुका, गोंड आदिवासींचं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा महाराष्ट्रभर पोचली. तिच्यामागचं कंटाळवाणं काम मात्र फारसं कुणी सांगत नाही. बैठका, बैठका आणि बैठका.

*

ग्रामसभेत मतदान नाही. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या बैठकीवर. वेळ जातो, हे खरं. पण बहुमताने झालेला ठराव हरलेली बाजू कसा जिरवते, हे पंचायतीची निवडणूक पाहिलेल्या कुणालाही विचारा.

*

अभ्यासगट वेगळा, ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात बाहेरचा माणूस बसतो, कायदा समजावतो, हवा तेवढा वाद घालतो. निर्णय तिथे होत नाही. कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल या गावाशी जोडले गेले ते असेच, मित्र म्हणून. देवाजी तोफा तर गावचेच. वर्तमानपत्रं त्यांना नेता म्हणतात. ग्रामसभेत त्यांचं वजन असेल, पण 'नाही' म्हणणाऱ्याला डावलायची मुभा त्यांनाही नाही.

*

बांबूचं प्रकरण. वनहक्क कायदा २००६चा, त्यात बांबू गौण वनोपज म्हणून स्वच्छ लिहिलेला. २००९मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. तरी वनखातं वाहतूक परवाना देईना. बांबू तुमचा, पण गावाबाहेर न्यायचा नाही! म्हणजे सातबारा नावावर आणि बांधावर पोलीस. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं.

फोटो छापून आले. मला त्या फोटोनंतरचे दिवस जास्त महत्त्वाचे वाटतात. कुठल्या भागातला बांबू आधी तोडायचा, कोवळा किती राखायचा, मजुरी काय, चोपडी कुणाकडे? कालपर्यंत खात्याशी भांडणाऱ्यांना आता व्यापाऱ्याशी घासाघीस करायची होती. चळवळीतले भले भले पुढारी नेमके इथे गळतात. भांडण संपलं की त्यांना काय करावं ते सुचत नाही.

*

आक्षेप रास्त आहे: काही शे लोकवस्तीच्या गावात हे जमतं, शहरात कसं जमणार? नाहीच जमणार, निदान जसंच्या तसं. शिवाय गप्प बसलेल्याचा होकार धरला जाण्याची भीती सर्वसहमतीत असतेच. बायका सभेत बोलतात की नुसत्या मागे बसतात, हे आधी पाहावं.

*

२०१३. महाराष्ट्राचा ग्रामदान कायदा १९६४चा, बहुतेकांच्या विस्मरणात गेलेला. मेंढ्याने तो वापरला. खातेदारांनी शेतजमिनीची मालकी ग्रामसभेकडे दिली. कसणारे तेच राहिले. हा निर्णयही मतं मोजून झालेला नाही.